तिराच्या शिकारीसाठी लेझर रेंजफाइंडर : पैसे कशाला मोजायचे, कशाला नाही

रेंजफाइंडरच्या, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या, खोक्यावर आकडा मोठा असतो : १००० यार्ड, १२०० यार्ड. धनुष्याने शिकार करणाऱ्याला त्यातले पहिले चाळीस-पन्नास यार्ड पुरतात, आणि मचाणावरून व्हाइटटेल हरणावर सुटणारे बहुतेक तीर त्याच्याही निम्म्या अंतरात सुटतात. त्यामुळे खोक्यावरच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात काही अर्थ नाही. तरीही हे यंत्र घ्यावंच, असं आमचं मत आहे. ते नीट निवडलं आणि योग्य वेळी डोळ्याला लावलं, तर तीर लागूनही हाती न लागणारं जनावर टाळता येतं. योग्य वेळ म्हणजे हरीण येण्याआधी, आणि तीर सुटून गेल्यावर. मधल्या क्षणी, हरीण समोर उभं असताना, त्याचा उपयोग वाटतो त्याहून कमी असतो आणि मोह मात्र सगळ्यात जास्त.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. हे परीक्षण अमेरिका-कॅनडात परवाना काढून, हंगामात, तिथले नियम पाळून शिकार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. तिथे धनुष्याचा सगळा हिशोब यार्डांत चालतो, म्हणून इथेही अंतरं यार्डांत दिली आहेत.

यंत्र साधं आहे. सहापट मोठं दाखवणारी एकडोळी दुर्बीण, पुढचं भिंग साधारण वीस-पंचवीस मिलिमीटरचं, आत ९०५ नॅनोमीटरच्या आसपासचा डोळ्याला न दिसणारा लेझर. किरण जाऊन परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. बॅटरी बहुधा सीआर-२ जातीची, ३ व्होल्टची. किंमत साधारण दीडशे डॉलरपासून पाचशेपर्यंत. अचूकता कुणी एक यार्ड सांगतं, कुणी अर्धा. धनुष्याच्या अंतरात दोन्ही चालतात. स्वस्त आणि महाग यांतला खरा फरक तीन ठिकाणी दिसतो : आतला पडदा, किरण कशावर बसतो ते, आणि यंत्राचा आवाज.

आधी पडदा. हरणं पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शिकारीची कायदेशीर वेळही सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होऊन सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. स्वस्त यंत्रांत काळे आकडे असतात. भर दुपारी ते छान दिसतात, पण संधिप्रकाशात तपकिरी खोडावर काळा आकडा वाचताच येत नाही, म्हणजे नेमकं हवं तेव्हा यंत्र मुकं. लाल उजळणारे आकडे घ्या, आणि त्यांचा उजेड कमी-जास्त करता येतो की नाही ते पाहा. सगळ्यात मंद पायरीही डोळे दिपवत असेल, तर आकडा दिसेल आणि मागचं हरीण दिसणार नाही. जास्तीचे पैसे मोजायचेच असतील तर ते या एका गोष्टीसाठी मोजावेत.

दुसरं, किरण कशावर बसतो. गोल्फसाठी बनवलेली यंत्रं सगळ्यात जवळची वस्तू धरतात, कारण तिथे झेंड्याची काठी हवी असते. जंगलात त्याच सवयीने ती हरणाच्या अलीकडची गवताची काडी धरतात आणि ३१ च्या जागी १९ दाखवतात. शिकारीसाठीच्या यंत्रांत लांबची वस्तू धरणारी सोय असते. तिचा धोका उलटा : हरणाच्या अंगावरून किरण जरा सरकला की मागच्या ओकच्या खोडाचा आकडा येतो. त्यामुळे कुठलीही सोय चालू असली तरी बटण दोन-तीनदा दाबून आकडा जुळतो का पाहायचं. त्याहून चांगलं म्हणजे हरणाच्या नाकाच्या रेषेतल्या एखाद्या जाड खोडावर किरण टाकायचा. खोड हलत नाही आणि त्याला कानही नसतात.

आवाजाची परीक्षा दुकानात होत नाही, तिथे गलका असतो. घरी रात्री, सगळं शांत झाल्यावर बटण दाबून पाहा. काही बटणांचा टक्‌ असा आवाज वीस यार्डांवरच्या हरणाची मान वर करायला पुरतो. पिशवीला वेल्क्रो असेल तर ती पिशवी बाजूला ठेवा आणि यंत्र लवचीक दोरीने छातीशी बांधा. लोहचुंबकाने चिकटणारे पट्टे सोयीचे आहेत, पण चुंबक होकायंत्राशेजारी आला की दिशा चुकते. पुढे माग काढताना हे महागात पडतं.

घेतल्यावर तपासायच्या गोष्टी

यंत्र परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं करून घ्यावं. कापडी टेपने २०, ३० आणि ४० यार्डांवर खुणा करा आणि तिथे उभ्या केलेल्या पुठ्ठ्यावर किरण टाका. प्रत्येक वेळी एक यार्ड जास्त दाखवत असेल तर चालेल, निशाण्याच्या पिना (धनुष्यावरच्या, एकेका अंतरासाठी नेम धरायच्या खुणा) त्याच यंत्राने लावल्या की फरक आपोआप मिटतो. कधी एक जास्त, कधी दोन कमी असं होत असेल तर परत करा.

मग पडद्यावरची नेम धरायची चौकट आणि किरण एका रेषेत आहेत का ते पाहा. मागे मोकळं आकाश असलेला एकटा खांब निवडा. यंत्र सतत मोजत राहील अशा स्थितीत ठेवून चौकट डावीकडून हळूहळू खांबावर आणा आणि आकडा कुठे उमटतो ते लक्षात ठेवा. मग तेच उजवीकडून, मग खांबाच्या टोकावरून खाली. आकडा दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर उमटला पाहिजे. एका बाजूला आधीच उमटत असेल तर किरण तिरका आहे. असं यंत्र हरणाच्या खांद्यावर धरलं तरी शेजारचं झुडूप मोजतं.

एकक पाहा. यंत्र चुकून मीटरवर गेलं असेल तर ३० चा अर्थ जवळजवळ ३३ यार्ड होतो, आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं एवढंसं अक्षर घाईत कुणी वाचत नाही. शेवटी, बॅटरी. थंडीत लिथियम बॅटरीही मान टाकते. खूण अर्ध्यावर आली की बदला, आणि एक जास्तीची अंगाशी धरलेल्या आतल्या खिशात असू द्या. डोळ्याजवळच्या भिंगावर श्वासाची वाफ धरते. धुक्यात आणि जोराच्या पावसात किरण थेंबांवरून परत येतो, तेव्हाचा आकडा खरा मानू नये.

उताराचा हिशोब

‘धनुष्यासाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांची मुख्य जाहिरात म्हणजे कोन धरून काढलेलं अंतर. तत्त्व बरोबर आहे. तिराला खाली ओढणारं गुरुत्व आडव्या अंतराइतकंच काम करतं, तिरक्या रेषेच्या लांबीइतकं नाही. डोंगराळ भागात याने मोठा फरक पडतो. ३० अंशांच्या उतारावर ४० यार्ड दिसणाऱ्या जनावराचं आडवं अंतर साडेचौतीस यार्डांच्या आसपास भरतं. ४० ची पिन लावलीत तर तीर सुमारे १० सेंटिमीटर वर जाईल. एल्क किंवा म्यूल हरणाच्या मागे डोंगरात जाणाऱ्याने ही सोय घ्यावीच.

मचाणावर बसणाऱ्याने मात्र आधी गणित करून पाहावं. मचाण ६ मीटर उंच आणि हरीण बुंध्यापासून २० यार्डांवर असेल, तर तिरकं अंतर २१ यार्ड येतं. फरक एका यार्डाचा. त्यासाठी दोनशे डॉलर जास्त मोजायची गरज नाही. शिवाय फुकटची युक्ती आहे : आपल्या डोळ्यांच्या उंचीला, समोरच्या झाडाच्या खोडावर किरण टाकायचा. रेषा आडवीच असते, त्यामुळे आकडाही थेट आडव्या अंतराचा मिळतो.

मचाणाच्या उंचीची खरी अडचण दुसरीच आहे आणि ती कुठलंही यंत्र सांगत नाही. हरीण बुंध्याला जितकं जवळ, तितका तीर उभा शिरतो. छाती वरून पाहिली की अरुंद दिसते, आणि तीर एकच फुप्फुस फाडून खाली निघतो. एका फुप्फुसावर हरीण खूप लांब जाऊ शकतं. म्हणून अगदी जवळचं हरीण दरवेळी सोपं असतं असं नाही. मचाण फार उंच न बांधता, अपेक्षित वाटेपासून १५ ते २० यार्ड बाजूला बांधलेलं बरं.

काही यंत्रं तिराच्या कमानीचा सर्वांत उंच बिंदूही दाखवतात. ल्युपोल्डच्या फुल ड्रॉ मालिकेत ही सोय आहे. हे कामाचं आहे. सेकंदाला २८० फुटांनी जाणारा तीर ४० यार्डांवर नेम धरल्यावर वाटेत मध्यावर नजरेच्या रेषेच्या वर सतरा-अठरा सेंटिमीटर असतो. नजरेला वाट मोकळी दिसते, आणि तीर मात्र वर लोंबणाऱ्या फांदीला घासतो. फांदीला घासलेला तीर कुठे जाईल याचा नेम नाही, आणि पोटात लागलेल्या तिरांत असे बरेच असतात.

आकडा अचूक, तरी तीर चुकतो

या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण नाकारायचं कारण नाही. वरच्याच वेगाच्या धनुष्यावर अंतराचा अंदाज पाच यार्डांनी चुकला, तर २० ऐवजी २५ वर तीर सुमारे ५ सेंटिमीटर खाली लागतो, ३० ऐवजी ३५ वर ८, आणि ४० ऐवजी ४५ वर १२ सेंटिमीटर. व्हाइटटेलच्या छातीतला फुप्फुसांचा गाभा वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीचा. मध्यावर धरलेला नेम १२ सेंटिमीटर खाली गेला की वर्म चुकलंच. नुसत्या डोळ्याने, तिन्हीसांजेला, चढउतारावर ३५ आणि ४० यार्डांतला फरक ओळखणारा माणूस विरळा. इथे यंत्र जिंकतं.

पण ते हरीण आत्ता कुठे आहे एवढंच मोजतं. तीर पोचेल तेव्हा ते कुठे असेल, हे नाही. दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला ३४० मीटरने जातो, तीर ८५ ने. २० यार्डांवर आवाज पोचल्यापासून तीर पोचेपर्यंत हरणाला ०.१६ सेकंद मिळतात, ३० वर ०.२४, ४० वर ०.३२, ५० वर ०.४०. बुजलेलं हरीण तीर पाहून खाली वाकत नाही. उडी मारण्यासाठी ते पाय मुडपतं आणि अंग खाली सोडतं. दचकायला ०.१५ सेकंद धरले, तर उरलेल्या वेळात अंग गुरुत्वाने फार तर किती खाली येईल हे काढता येतं : २० यार्डांवर जवळजवळ काहीच नाही, ३० वर ४ सेंटिमीटर, ४० वर १४, ५० वर ३० च्या वर. ५० यार्डांवर आकडा अर्ध्या यार्डापर्यंत अचूक असून काय उपयोग? तीर पाठीच्या कण्याच्या वरच्या मांसात जातो. तिथे रक्त थोडं, मागही थोडा, आणि हरीण बहुधा जगतं, पण सापडत नाही. फुप्फुसं आणि कणा यांच्यात रिकामी पोकळी असते आणि तीर ‘त्यातून गेला’ असं पुष्कळदा सांगितलं जातं. अशी पोकळी नसते. कणा बाहेरून वाटतो त्यापेक्षा बराच खाली असतो, आणि तीर त्याच्या वरून गेलेला असतो.

वरचे आकडे सावध हरणाचे आहेत. मान खाली घालून चरणारं हरीण उशिरा दचकतं, मान वर करून, कान टवकारून तुमच्याकडे बघणारं लगेच. म्हणून एकच अंतर ‘माझं अंतर’ म्हणून ठरवणं पुरेसं नाही. चरत असलेल्यासाठी एक, सावध असलेल्यासाठी त्याहून बरंच कमी. सावध हरणावर २५ यार्डांपुढे तीर न सोडणं हे आमच्या मते ताणून धरलेलं बंधन नाही. नेम छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात धरला तर हरीण दबलं तरी फुप्फुस मिळतं, आणि दबलं नाही तर हृदयाची जागा मिळते. हरीण आडवं किंवा मागून किंचित तिरकं असावं. तिरकं असेल तर नेम पलीकडच्या पुढच्या पायावर येईल असा धरावा. समोरून किंवा पुढून तिरकं असेल तर अंतर कितीही कमी असलं तरी थांबावं.

आपलं अंतर मैदानावर ठरतं, पण ज्या पद्धतीने बहुतेक जण ठरवतात तशी नाही. तासभर सराव करून हात बसल्यावर सोडलेल्या तिरांचा झुबका काहीच सांगत नाही. शिकारीत पहिलाच तीर असतो. शिकारीचा जाड कोट, मचाणावरून पडू न देणारा पट्टा, हातमोजे घालून, बसून, शिकारीचंच ब्रॉडहेड (तिराचं धारदार पात्यांचं टोक) लावून, त्या दिवसाचा पहिला आणि एकच तीर १५ सेंटिमीटरच्या वर्तुळावर सोडायचा. वेगवेगळ्या दिवशी, एकाच अंतरावरून. एकही तीर बाहेर गेला तर ते अंतर तुमचं नाही. जे टिकेल त्यातूनही जंगलासाठी दहा यार्ड वजा करावेत. ब्रॉडहेड लावायचा आग्रह यासाठी की सरावाच्या गोल टोकाने धनुष्याच्या जुळणीतली खोट झाकली जाते. स्थिर पात्यांचं ब्रॉडहेड ती उघडी पाडतं : २० यार्डांवर सगळं ठीक, ४० वर तीर वीतभर बाजूला.

रेंजफाइंडर या कसोटीची जागा घेत नाही. उलट ‘४३’ असा नेमका आकडा दिसला की ४३ वर मारता येईल असं वाटू लागतं. निशाण्यातच बसवलेली, आपोआप अंतर घेऊन पिन उजळवणारी यंत्रं हा मोह आणखी वाढवतात. गार्मिनने २०१८ मध्ये असा निशाणा आणला. त्याचा एक खरा फायदा आहे : धनुष्य ओढलेलं असताना हरीण चार पावलं पुढे गेलं तर अंतर पुन्हा घेता येतं, हात वेगळा हलवावा लागत नाही. पण धनुष्यावर इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवायला काही राज्यांत बंदी आहे, आणि धनुष्याने केलेल्या शिकारीचे विक्रम नोंदवणाऱ्या पोप अँड यंग क्लबच्या नोंदींतही असं धनुष्य चालत नाही. घेण्याआधी आपल्या राज्याची नियमपुस्तिका उघडा.

हरीण येण्याआधीचं काम

मचाणावर चढून पट्टा अडकवला की पहिल्या पाच मिनिटांत हे उरकावं. हरीण येण्याची शक्यता असलेल्या प्रत्येक दिशेला १५, २० आणि २५ यार्डांवरची एकेक ठळक खूण शोधा : दुभंगलेलं खोड, पडका ओंडका, पांढरा दगड. पानं आणि फांद्या नकोत, वाऱ्याने हलतात आणि हंगामाच्या मध्यावर गळून जातात. मग तुमचं शेवटचं अंतर जिथे संपतं तिथे सगळीकडून एक रेषा मनात आखा. त्या रेषेपलीकडचं हरीण फक्त बघायचं. ही रेषा शांतपणी ठरलेली असते, म्हणून ती मोठ्या शिंगांचं हरीण समोर आल्यावर घेतलेल्या निर्णयापेक्षा भरवशाची.

एवढं झालं की यंत्राचं निम्मं काम संपलं. हरीण आलं की यंत्र उचलायचं, दाबायचं, खाली सोडायचं, धनुष्य धरायचं, ओढायचं, यात हालचाली वाढतात आणि तोवर हरीण सरकलेलं असतं. मघाचा आकडा तेव्हाच शिळा झालेला असतो.

तीर सुटल्यानंतर

आता ज्या उपयोगाची जाहिरात कुणी करत नाही तो. तीर लागला, हरीण पळालं. खाली उतरू नका, दुसरा तीर लावा आणि डोळे-कान त्याच दिशेला ठेवा. मागच्या पायांनी लाथ झाडून सुसाट पळालं तर बहुधा छातीत. पाठ कुबडून, शेपटी दाबून, चालत गेलं तर बहुधा पोटात. शेवटचं कुठे दिसलं, फांद्या मोडल्याचा आवाज कुठे थांबला, हे लक्षात ठेवून घड्याळ पाहा.

मग रेंजफाइंडर काढा. तीर लागला तेव्हा हरीण उभं होतं ती जागा मोजा. मग शेवटचं दिसलं ती. दोन्हींची आडवी अंतरं, आणि होकायंत्रावरची दिशा, दोन्ही फोनमध्ये लिहून ठेवा. उदाहरणार्थ, २४ यार्ड, १४० अंश. ६१ यार्ड, ११५ अंश. होकायंत्र वाचताना धनुष्य, चुंबकी पट्टा आणि लोखंडी मचाण यांपासून हात लांब धरा. शक्य असेल तर तिथूनच एक फोटो घ्या.

हा खटाटोप का, ते खाली उतरल्यावर कळतं. सहा मीटरवरून वेगळं दिसणारं झुडूप जमिनीवरून इतर दहा झुडपांसारखंच दिसतं, आणि माणूस खात्रीने चुकीच्या जागी रक्त शोधत बसतो. त्याऐवजी बुंध्यापासून १४० अंशांची दिशा धरून चालायचं आणि अधूनमधून मागे वळून मचाणाच्या बुंध्यावर किरण टाकायचा. २४ आला की थांबायचं. जागा चारही बाजूंनी एखाद्या यार्डात मिळते. म्हणूनच वरून आडवं अंतर लिहायचं, तिरकं नाही. खालून परत मोजताना आडवंच मिळणार.

तिथे तीर शोधा. मागच्या टोकाला उजळणारा नॉक (दोरीत अडकणारी खाच) लावलेला असेल तर तो सापडणं सोपं जातं. तो दहा-पंधरा डॉलरचा, आणि त्याला पोप अँड यंगचीही हरकत नाही. तिरावर गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त असेल तर फुप्फुस. गडद, काळसर लाल असेल तर यकृत. हिरवट-तपकिरी चिकटा आणि उग्र वास असेल तर पोट किंवा आतडी; वास घेतल्याशिवाय हे ठरवू नका, वाळलेला थर डोळ्याला फसवतो. लाल पण बुडबुडे नाहीत आणि चरबीचे कण आहेत, तर मांसाला लागलेला असू शकतो. केसही पाहा : पांढरे असतील तर तीर खालून, पोटाकडून गेला, राखाडी-तपकिरी, जाड, काळ्या टोकांचे असतील तर वरून.

थांबायचं किती, हे यावरूनच ठरतं. दोन्ही फुप्फुसं गेली असतील तर हरीण बहुधा शंभर-दीडशे यार्डांतच पडतं, तरी अर्धा तास थांबा. यकृत असेल तर चार ते सहा तास. पोट असेल तर आठ ते बारा, आणि आवाज न करता, आलात त्याच वाटेने मागे फिरा. पोटात लागलेलं हरीण न उठवल्यास दोन-तीनशे यार्डांत कुठेतरी आडवं होतं आणि तिथेच राहतं. उठवलं तर ते दाट झाडीत मैलभर जाईल, आणि जखमेवर आतडं आल्यामुळे वाटेत रक्ताचा थेंबही सांडणार नाही. हरवलेल्या हरणांमागे घाई हे सगळ्यात मोठं कारण आहे. रात्र उबदार असेल, १० अंश सेल्सियसच्या वर, तर मांस खराब होण्याची भीती खरी आहे; कोल्हे-कायोट हाही प्रश्न असतो. तरीही पोटाच्या जखमेला घाई करून मांस वाचत नाही, हरीणच जातं.

माग काढताना रक्ताच्या रेषेवरून चालायचं नाही, तिच्या बाजूने चालायचं. प्रत्येक थेंबाशी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवा. तो पावसात विरघळतो, आणि मागे वळून पाहिलं की तुकड्यांची रेषा पुढची दिशा सांगते. जमिनीपेक्षा गवताच्या आणि झुडपांच्या बाजू नीट बघा, हरणाच्या अंगाच्या उंचीला. रक्त दोन्ही बाजूंना लागलं असेल तर तीर आरपार गेला आहे, ही चांगली खूण. डाग रक्ताचा की पानाचाच, अशी शंका आली तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा फवारा मारा. रक्त असेल तर फेस येतो. निळ्या-लाल उजेडात रक्त चमकतं म्हणून विकले जाणारे दिवे घेऊ नका, साधा पांढरा झगझगीत हेडलॅम्प त्यांच्यापेक्षा बरा. रक्त संपलं तर शेवटच्या थेंबाशी एक माणूस उभा करा आणि तिथून थोडं थोडं वाढवत गोल फिरा. कुंपण आलं तर पलीकडच्या मालकाची परवानगी आधी. अनेक राज्यांत जखमी जनावराच्या मागेही परवानगीशिवाय जाता येत नाही.

या सगळ्यानंतरही हरीण मिळत नसेल तर माग काढणारा कुत्रा बोलवा, आणि तो उशिरा बोलवू नका. युनायटेड ब्लड ट्रॅकर्स ही संघटना राज्यवार हँडलरांची, म्हणजे असे कुत्रे घेऊन माग काढणाऱ्यांची, यादी देते. लांब दोरीला बांधलेला कुत्रा रक्ताइतकाच हरणाच्या खुरांमधल्या ग्रंथीच्या वासावर चालतो, त्यामुळे थेंब न दिसणारी वाटही तो धरतो. पण चार माणसांनी सगळं रान तुडवलं असेल तर बुटांना लागलेलं रक्त सगळीकडे पसरतं आणि कुत्रा गोंधळतो. म्हणून रक्त संपलं, गोल फिरून दोनदा पाहिलं आणि काही नाही, की थांबून फोन करायचा. कुत्र्याने शोध घेण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. हंगामाआधीच विचारून, दोन नंबर फोनमध्ये जतन करून ठेवावेत.

हँडलर फोनवर पहिल्यांदा तीर किती वाजता लागला, हरीण कसं पळालं आणि तिरावर काय आहे, हे विचारतो. पुढे तीर लागल्याची जागा, शेवटचं दिसलं ती जागा आणि तुम्ही कुठे कुठे चाललात तो टापू विचारतो. आठवणीवर दिलेली उत्तरं अंधारात पाच-दहा यार्डांनी सहज सरकतात. फोनमध्ये लिहिलेले ते दोन आकडे आणि दोन दिशा वाचून दाखवता आल्या तर कुत्रा रिकाम्या जमिनीवर न फिरता थेट मागावरच उतरतो.